एकच फाइल, दोन तबल्या

पहाटे ५.४५

शेडचं दार उघडलं की आधी भिंतीवरचा आर्द्रतामापक बघायचा, बाकी सगळं मग. आज काटा ७२ वर आहे. डिसेंबरात खडवलीला पहाटे चांगलं दव पडतं, भातसा नदी जवळच, आणि आमच्या शेडमध्ये पूर्वी भाताची पोती ठेवत, तिच्या भिंतीही ओल धरून असतात. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला हाच काटा ४५ च्या आसपास येतो. जोड चिकटवायचा तो तेव्हाच.

वाद्याचं लाकूड मी एका बंद कपाटात ठेवते. आत हवा कोरडी करणारं छोटं यंत्र आहे आणि कपाटातला काटा ५० च्या आगेमागे राहतो. हे लाड नाहीत. सोळा इंच रुंदीची स्प्रूसची फळी भर पावसाळ्यातून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आली की आडव्या अंगाने दोन-तीन मिलिमीटर आखडू शकते. ती सुटी असेल तर काही बिघडत नाही, पण चारी बाजूंनी चिकटवून वाद्य बंद केलेलं असेल तर ती कुठेतरी चिरते. मुंबई-ठाण्याकडे वाद्य बनवणाऱ्याची अर्धी लढाई हवेशी असते.

आज कपाटातून निघणार आहे तुनाची फळी. दोन भाग मधोमध जोडलेले, पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येणाऱ्या पानांप्रमाणे एका भागाच्या शिरा दुसऱ्या भागात उलट्या उमटलेल्या. मध्यभागी जाडी २५ मिलिमीटर. संध्याकाळपर्यंत तिची आर्चटॉप गिटारची तबली, म्हणजे वाद्याच्या पोटावरची घुमणारी फळी, व्हायची आहे.

सकाळी ६.३०

संगणकावर चालणाऱ्या कोराईच्या मशीनचा स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारा दांडा, सुरू करून रिकामा फिरवत ठेवलाय, आधी हळू, मग वेग वाढवत. थंडीत बेअरिंग गरम होऊ दिल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही, ही शिस्त मी अंबरनाथच्या एमआयडीसीत साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकले. तिथे प्लॅस्टिकच्या बादल्या आणि खुर्च्यांच्या साच्यांसाठी मशीनचे मार्ग आखायचं काम माझ्याकडे होतं. पोलादाऐवजी लाकूड आलं, बाकी मशीनची भाषा तीच.

तोवर आर्चटॉप म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे घरोघर दिसते ती गिटार सपाट पोटाची. तिची घोडी तबलीला चिकटवलेली असते आणि तारा तिथेच अडकवलेल्या. तारा तबलीला ओढतात, पिळतात. आर्चटॉपची तबली व्हायोलिनसारखी फुगीर, आणि ती फळी वाकवून केलेली नसते, जाड लाकडातून कोरून काढलेली असते. घोडी सुटी, नुसत्या तारांच्या दाबाने उभी राहणारी. तारा तिच्यावरून जाऊन गिटारच्या शेपटाकडच्या धातूच्या किंवा लाकडाच्या पट्टीत अडकतात. सतार हातात घेतलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. तिथेही घोडी तबलीवर बसते आणि तारा पार खाली लंगोटापाशी बांधलेल्या असतात.

सहा तारांचा एकूण ताण साठ-सत्तर किलोच्या घरात जातो. घोडीवरून तारा पंधरा-एक अंशांत खाली वळत असतील, तर तबलीवर सरळ खाली येणारा दाब पंधरा-सतरा किलो. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या लाकडावर एवढं वजन वर्षानुवर्षं बसणार, आणि तरी त्या लाकडाने थरथरलं पाहिजे. कमान त्यासाठी.

हे डोकं ऑर्व्हिल गिब्सनचं. व्हायोलिनची कोरीव तबली त्याने मँडोलिन-गिटारला आणली आणि १८९८ साली अमेरिकेत कोरीव मँडोलिनचं पेटंट घेतलं. त्याच्या नावाच्या कंपनीत पुढे लॉइड लोअर आला आणि १९२२ मध्ये एल-५ हे मॉडेल निघालं. गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रं असलेली ही गिटार ब्रासच्या वाद्यांच्या कल्लोळातही ऐकू यायची. आज जगात कोणीही आर्चटॉप करायला घेतली की त्याच्या डोक्यात कुठेतरी एल-५ असते. माझ्याही आहे. माझं माप तिचंच, पोटाशी सोळा इंच.

सकाळी ७.४०

माझा मदतनीस सायकलवरून आला. पलीकडच्या गावचा, सुताराचा मुलगा, बारावीनंतर माझ्याकडे आला. आल्या आल्या त्याने भुसा ओढणाऱ्या यंत्राची पिशवी झटकली आणि विचारलं, "ताई, आज तूनच ना?"

"तूनच. मास्क लाव आधी."

तुनाचा भुसा नाकाला झोंबतो. वास मात्र सुंदर, किंचित गोडसर, जुन्या लाकडी पेटीतून येतो तसा.

फळी बेडवर ठेवली. तिच्या मध्यरेषेवर, गिटारच्या आकाराच्या बाहेर पडणाऱ्या लाकडात, वर एक आणि खाली एक अशी आठ मिलिमीटरची दोन छिद्रं पाडली. छिद्रं फळीच्या आरपार जाऊन खालच्या एमडीएफमध्येही उतरतात. त्यांत खुंट्या ठोकल्या. दिवसभराच्या कामात याहून महत्त्वाचं काही नाही. दुपारी फळी उलटी होणार आहे, आणि वरचा डोंगर आणि खालची दरी एकमेकांशी जुळवून देणारा दुवा म्हणजे या दोन खुंट्या.

सकाळी ८.१५

ढोबळ कोराई. बारा मिलिमीटरचा गोल नाकाचा बिट, एका वेळी तीन मिलिमीटर खोल. तबली पायऱ्यापायऱ्यांनी वर येऊ लागते. भातखाचरांच्या डोंगरउतारासारखी दिसते म्हटलं तरी चालेल. या पाऊण तासात बघण्यासारखं थोडं आणि ऐकण्यासारखं पुष्कळ. बिट लाकूड कापत असेल तर आवाज एकसारखा राहतो. तो चिरका झाला की बिट कापायचा थांबून घासायला लागलेला असतो, लाकूड करपतं. मदतनिसाला मी मशीनच्या पडद्याकडे बघायला मनाई केली आहे. "आकडे मी बघते, तू कान दे." बिट बोथट झाल्याचं आता तो माझ्याआधी ओळखतो.

एक गाठ आली. लहानशी, कडेच्या वाया जाणाऱ्या भागात. तिथून पुढे गेलं मशीन.

सकाळी ९.०५

बिट बदलला. आता सहा मिलिमीटरचा, नाक तसंच गोल. ही शेवटची कोराई. बिट फळीच्या लांबीने, शिरांच्या दिशेने जातो, ०.६ मिलिमीटर बाजूला सरकतो आणि परत येतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये जो वरंबा उरतो, त्याची उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडी जास्त, ०.०१५. बोट फिरवलं तर रेघा जाणवतात, नखाला अडकत नाहीत. मिनिटाला तीन मीटर वेगाने गेलं तरी अशा सातेकशे फेऱ्यांना दोन तास लागतात.

लोकांना वाटतं मशीन आलं म्हणजे काम लवकर होतं. चांगला कारागीर धारदार छोट्या रंध्यांनी एक तबली दीड-दोन दिवसांत कोरतो. मशीनचा मार्ग आखणं, साचा कापणं, जॉब लावणं, उलटणं हे सगळं धरलं तर पहिल्या तबलीला मला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. मशीनकडून मला घाई नकोच आहे. मला हवंय ते निराळं.

न्यूयॉर्कला जॉन डी'अँजेलिको नावाचा आर्चटॉपचा थोर कारागीर होऊन गेला. १९३२ मध्ये त्याने स्वतःचं दुकान काढलं, १९६४ मध्ये तो गेला. त्याच्या वहीत नोंद झालेल्या गिटारी ११६४ आहेत. एवढ्या गिटारी हाताखालून गेल्यावर बोटांना कळतं की या फळीतून अजून थोडं काढायचं, त्या फळीला आता हात लावायचा नाही. मिरजेला सतारमेकर गल्लीत तेच ज्ञान घराघरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी हत्यारांचं पिढीजात काम सोडून तंतुवाद्यं करायला घेतली, तेव्हापासून पिढ्या सरल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला मुलगा शाळेतून आला की आजोबांच्या बाजूला बसतो. न शिकवता शिकतो.

माझ्या बाजूला बसायला आर्चटॉप करणारा आजोबा नाही. मी आयुष्यात हजार गिटारी करणार नाही, शंभर झाल्या तरी खूप. मग मी शिकू कशी? हाताने कोरलेल्या दोन तबल्यांमध्ये कमान निराळी, जाडी निराळी, लाकूडही निराळं. एक चांगली वाजली, दुसरी नाही, तर कारण कोणतं हे थोड्या अनुभवाच्या माणसाला उमगत नाही. मशीन मला एकच गोष्ट बदलू देतं आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवतं. एवढ्यासाठी मी ते घेतलं.

आज तेच चाललंय. मागे टांगलेली स्प्रूसची तबली याच फाइलने कापलेली आहे. तीच कमान, १७ मिलिमीटर उंच. तीच जाडी. लाकूड तेवढं बदललंय. स्प्रूस परदेशातून येतं, महाग पडतं. तून आपलं, सतारीच्या कामात पिढ्यान् पिढ्या मुरलेलं, महोगनीच्या कुळातलं. तुनाची आर्चटॉप व्हावी असं मला मनापासून वाटतं, पण वाटण्यावर वाद्य वाजत नाही. दोन्ही तबल्या शेजारी ठेवून ऐकायच्या, आणि तेही हाताने खरवडायच्या आधी.

सकाळी ९.४५

मशीन आपलं काम करतंय तोवर दुसऱ्या टेबलावर शिसवाचा फिंगरबोर्ड. त्यावरच्या खाचांची गणितं तपासली. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी ६३५ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागलं की पहिली खाच ३५.६४ वर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरी ६९.२८ वर. असं करत बारावी बरोबर अर्ध्यावर, ३१७.५ वर यायला हवी. आली तर मधल्या सगळ्या बरोबर. पूर्वी कारागीर सरळ १८ ने भागत. १५८१ साली व्हिन्चेन्झो गॅलिलीने, म्हणजे गॅलिलिओच्या वडिलांनी, हा अठराचा हिशेब लिहून ठेवला आहे. त्याने बाराव्या पडद्याशी स्वर थोडा उतरतो.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारचा पडदा एकदा खाचेत ठोकला की जन्मभर तिथेच. म्हणून या खाचा मी कधीच हाताने मापून कापत नाही. अर्ध्या मिलिमीटरचं चुकलं तर वाजवणारा आयुष्यभर बेसूर.

मदतनीस तिकडे तापलेल्या नळीवर कडेच्या पट्ट्या वाकवतोय. सव्वादोन मिलिमीटर जाडी, पाण्याचा हलका हात, आणि घाई नाही. पट्टी कधी वळायला तयार झाली ते तो हाताने दाब देताना ओळखतो. हे त्याला वडिलांकडून आलंय, मला जमत नाही.

सकाळी १०.३५

लाइट गेली.

स्पिंडल घरघरत थांबला. बिट तबलीतच रुतलेला, कमानीच्या उतारावर, अर्ध्याच्या बरंच पुढे. अशा वेळी कोणीही कशालाही हात लावायचा नाही, हे आमचं ठरलेलं आहे. पहिलं काम म्हणजे मशीनचा मुख्य खटका बंद करणं, म्हणजे वीज आल्यावर ते आपणहून दचकून हलणार नाही. मग पडद्यावर शेवटची कोणती ओळ चालू होती ते कागदावर लिहून घ्यायचं. संगणकाला यूपीएस आहे, तेवढा वेळ मिळतो. मग उभ्या दांड्याचा स्क्रू हाताने फिरवत बिट सरळ वर उचलायचा, आडवा केसभरही न हलवता.

बाहेर ऊन चढलंय. शेताच्या बांधापलीकडे वीटभट्टीचा धूर सरळ वर जातोय, वारा नाही. आईने चहा पाठवला. मी तो पिता पिता तबलीच्या झालेल्या भागावर हात फिरवला. तुनाचा तांबूस रंग आता खुलायला लागलाय आणि शिरा कमानीबरोबर वळताना दिसतात. एका जागी उलट्या शिरा किंचित उचकटल्यात. स्प्रूसला हे झालं नव्हतं. वहीत लिहिलं, तुनाला शेवटच्या कोराईत वेग कमी करायचा.

सकाळी ११.२५

वीज आली. मशीनला आपण कुठे आहोत हे आता ठाऊक नाही. मोटरने किती पावलं टाकली या मोजणीवर त्याची सगळी भिस्त, आणि वीज जाताच ती मोजणी पुसली गेली. म्हणून आधी त्याला घरी पाठवायचं, म्हणजे कोपऱ्यातल्या खटक्यांना टेकवायचं. तिथून ते पुन्हा मोजायला लागतं. तरी मी नुसत्या खटक्यांवर विसंबत नाही. बिटाच्या जागी टोकदार सळी लावली आणि वरच्या खुंटीच्या मध्यावर आणून बघितली. खुंटीच्या डोक्यावर पेन्सिलीने फुलीची खूण केलेली असते, सळीचं टोक बरोबर फुलीवर उतरलं. मग बिट परत लावला, उंची पुन्हा घेतली, आणि लिहून ठेवलेल्या ओळीच्या थोडं मागून सुरुवात केली, म्हणजे झालेल्या जागेवरून तो हवेतच जाईल.

गेला. जोड कुठे आहे ते दिसतही नाही. "ताई, समजतच नाही," मदतनीस म्हणाला. मलाही समजत नव्हतं, आणि त्याचा मला आनंद झाला.

दुपारी १२.१५

वरची बाजू पुरी. जेवण. भाकरी, वालाचं बिरडं, कांदा.

दुपारी १.००

फळी उलटायची.

मशीनने आधीच कापून ठेवलेला एमडीएफचा साचा बेडवर बसवला. तबली वर जितकी फुगीर, साचा तितकाच खोलगट. दोन्ही खुंट्या साच्यात उभ्या आहेत. फळी त्यांच्यावर पालथी घातली, हलकेच दाबली आणि ती बसली. "बसली" म्हणजे सगळीकडे टेकली. कुठे पोकळी राहिली तर आतून कोरताना तबली त्या जागी खाली दबणार, बिट निघून गेला की वर येणार, आणि तिथे जाडी ठरवल्यापेक्षा जास्त राहणार. म्हणून पालथ्या फळीवर बोटांच्या पेरांनी ठोकत फिरायचं. भरीव, भरीव, भरीव, आणि डाव्या खांद्यापाशी किंचित पोकळ. फळी काढली. साच्यात भुशाचा एक कण चिकटलेला होता. ब्रश मारला, पुन्हा बसवली, आता सगळीकडे एकच आवाज.

आतली बाजू. मध्यभागी जाडी साडेसहा मिलिमीटर राखायची, कडेकडे येताना उतरत साडेतीन, आणि अगदी कडेला चिकटवण्यापुरती पुन्हा थोडी जास्त. कडेजवळचा हा पातळ पट्टा म्हणजे तबलीची बिजागरी. मधला घुमट एकसंध वर-खाली व्हायचा असेल तर त्याला कडेशी लवचीक जागा हवी. इथे शेवटच्या कोराईत फेऱ्यांमधलं अंतर एक मिलिमीटर चालतं, आतून रेघा दिसल्या तरी हरकत नाही, पुढे स्क्रॅपर लागणारच आहे. सकाळच्या नोंदीप्रमाणे वेग कमी केला.

दुपारी २.४०

काटा ४४. मशीन चालू आहे, पण आता माझं लक्ष जोडाकडे. तुनाची पुढची फळी आजच चिकटवायची.

मदतनिसाचे वडील आले. रंध्याची पाती लावायला मी त्यांनाच बोलावते. बोलणं कमी, हात सावकाश. पातं दगडावर फिरवताना ते कोन मोजत नाहीत, मनगट एकदा धरलं की धरलं. मग दोन्ही फळ्या एकत्र धरून त्यांच्या कडांवर लांब रंधा चालवला. पहिल्यांदा तुटक कपचे निघाले, मग फळीच्या लांबीएवढी अखंड साल, इतकी पातळ की तिच्यातून ऊन दिसावं. फळ्या कडेला कड लावून दाराच्या उजेडासमोर धरल्या. मध्यावर उजेडाची एक बारीक रेघ. त्यांनी दोन हात मारले. पुन्हा धरल्या. रेघ गेली.

"काका, हे मशीनवर नाही होणार," मी म्हटलं.

"होईल की," ते म्हणाले. "पण पातं तुला मलाच विचारून लावावं लागेल."

सरस लावला, शिकंजे आवळले, बाहेर आलेला सरस कोमट पाण्याच्या फडक्याने पुसला. उद्या याच वेळेपर्यंत हात लावायचा नाही.

संध्याकाळी ४.२०

डोंबिवलीचे काका आले. स्प्रूसची तबली त्यांच्या गिटारची. आयुष्यभर ऑर्केस्ट्रात वाजवलं, आता घरी शिकवतात. मंगळवार, टिटवाळ्याच्या गणपतीला जाणाऱ्यांची गर्दी, त्यामुळे टिटवाळ्यापर्यंत गाडीत उभं राहून आले, पण चेहऱ्यावर थकवा नाही.

"अगं, माझी कुठे आहे?" दारातूनच.

तबली उतरवून हातात दिली. त्यांनी ती दोन बोटांत वरच्या कडेला हलकी पकडली, कानाजवळ नेली आणि अंगठ्याच्या पेराने मध्यावर टिचकी मारली. घुमली. डोळे मिटून त्यांनी पुन्हा मारली. मग, बरीच लोकं विचारतात तो प्रश्न त्यांनीही विचारला. "पण ही हाताने केलेली म्हणायची, की मशीनने?"

मला या प्रश्नाचा राग येत नाही, विचारणारे प्रेमाने विचारतात. मी त्यांना सांगितलं की कलामझूच्या गिब्सनच्या कारखान्यातही तबल्या आधी यंत्रावर ढोबळ कोरल्या जात आणि मग हाताने उतरवत. आज ज्या जुन्या एल-५ साठी लोक जीव टाकतात, त्यांच्यावरही यंत्राचं पातं फिरलेलं आहे. पुढे १९४९ मध्ये ईएस-१७५ आली, तिची तबली तर कोरलेलीच नव्हती, थर चिकटवून दाबून घडवलेली होती, आणि जॅझवाल्यांनी तिच्यावर अपार प्रेम केलं. तुमच्या तबलीत मशीनने जाडी मुद्दाम थोडी जास्त ठेवली आहे. ती कुठून किती काढायची हे ही फळी सांगेल, आणि त्या दिवशी तुम्ही इथे असायला हवं.

"येईन," ते म्हणाले. मग तरुणपणी ऐकलेल्या ब्रिजभूषण काब्रांच्या गोष्टी निघाल्या. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर गिटार वाजवणारे हेच. त्यांची गिटार आर्चटॉप होती, गिब्सनची सुपर ४००, मांडीवर आडवी ठेवून सळईने वाजवण्यासाठी बदल करून घेतलेली. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणासुद्धा आर्चटॉपच्याच घडणीतून आली, आणि तिच्यावरच्या वादनाला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. मींड घ्यायची, तरफा लावायच्या, तारांचा ताण वाढवायचा, तर चिकटवलेली घोडी आणि सपाट तबली कुरकुरते. कमान तो भार अंगावर घेते. आपल्या रागसंगीताने गिटार निवडली तेव्हा नेमकी सतारीच्या हाडामासाची निवडली, असं मला वाटतं. काकांना ते पटलं. कसाऱ्याकडची गाडी चुकली तरी चालेल, कल्याणकडची चुकायला नको, म्हणत ते साडेपाचला निघाले.

संध्याकाळी ६.००

तुनाची तबली चौकटीतून मोकळी केली, कडा कापून आकार दिला. दोन्ही तबल्या आता एकाच पायरीवर आहेत. एफ-छिद्रं नाहीत, आतल्या पट्ट्या नाहीत, स्क्रॅपर लागलेला नाही.

वजन. स्प्रूस ३३४ ग्रॅम, तून ३९८.

मग टिचकी. तबली प्रत्येक वेळी त्याच जागी धरायची, त्याच जागी ठोकायची, फोनवर ध्वनी टिपायचा आणि संगणकावर त्यातला सगळ्यात ठळक स्वर वाचायचा. तुनाचा स्वर स्प्रूसच्या तीन-एक अर्धस्वर खाली आला. थोडा खाली येणार हे अपेक्षित होतं, कारण स्प्रूस वजनाच्या मानाने फार ताठ असतं.

पण नुसता स्वर पुरत नाही, तबली कुठे हलते आणि कुठे स्थिर राहते तेही पाहायचं. अर्न्स्ट क्लाडनीने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यांवर वाळू टाकून दाखवलेला प्रयोग आम्ही रांगोळीने करतो. तबली पालथी, स्पंजाच्या चार तुकड्यांवर, खाली छोटा स्पीकर. मदतनिसाने चिमटीने रांगोळी भुरभुरली, मी स्वर हळूहळू चढवत गेले. तुनाच्या स्वरापाशी येताच पांढरी पूड थरथरायला लागली, मधून उठून बाहेर पळाली आणि कडेच्या आत एक अंडाकृती रेघ धरून बसली. तांबूस लाकडावर स्पष्ट, अखंड. स्प्रूसवरही हीच आकृती आली होती, फक्त वरच्या स्वराला. डाव्या-उजव्या बाजूंत फरक नाही. म्हणजे तून नीट हलतंय, जिथे हलायला हवं तिथे. खाली हलतंय, एवढंच.

"मग जाड ठेवू या ना ताई," मदतनीस म्हणाला. "ताठ होईल."

चांगला प्रश्न. आम्ही दोघांनी हिशेब मांडला. तीन अर्धस्वर वर न्यायचे तर जाडी साधारण वीस टक्क्यांनी वाढवावी लागेल. वजनही तेवढंच वाढणार, म्हणजे पावणेपाचशे ग्रॅमच्या पुढे, स्प्रूसच्या जवळपास दीडपट. एवढी जड तबली तारेच्या छेडण्याने जागी होईल, पण उशिरा आणि हळू. जाडीचा रस्ता बंद.

उरते ती कमान. जाडी न वाढवता लाकूड ताठ करायचं तर ते जास्त वळवायचं. १७ मिलिमीटरऐवजी १९ ठेवली, बाकी जाडी, कडेचा पातळ पट्टा, बाह्य आकार जिथल्या तिथे, तर वजन फारसं न वाढता स्वर वर सरकायला हवा. किती, ते कापल्यावर.

संध्याकाळी ७.३०

फाइलची नक्कल केली आणि तिच्यात एकच आकडा बदलला. संगणकाने नवी कमान काढली, मार्ग पुन्हा आखले. पडद्यावर फिरवून पाहिली. खांद्यांपाशी उतार जरा जास्त तीव्र झालाय, तिथे तुनाच्या उलट्या शिरा पुन्हा उचकटतील, म्हणून तेवढ्या भागात बिटाची दिशा तिरकी केली. फळीची जाडी २५, कमान १९, खाली साडेतीनची कड. अडीच मिलिमीटर शिल्लक. पुरतं.

वहीत आजच्या पानावर वजनं, स्वर, आर्द्रता, वीज गेल्याची ओळ आणि रांगोळीचा फोटो चिकटवायची जागा. मदतनिसाने मशीनचा बेड पुसला, भुशाची पिशवी रिकामी केली, स्पिंडलमधून बिट काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळला. सहा मिलिमीटरचा हा बिट आता शेवटच्या कोराईला चालणार नाही, ढोबळ कामाला ठेवायचा. नवा आणायला त्याला उद्या सकाळच्या गाडीने मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जायचं आहे, आणि परतताना रे रोडच्या वखारीतून तुनाच्या आणखी दोन फळ्या बघून यायच्या आहेत, सरळ शिरांच्या, आडव्या कापाच्या नकोत. नवी तबली परवा सकाळी लावायची.